घरची म्हणून

नवे दर जाहीर झाल्याची बातमी सकाळच्या पेपरात आली आणि खोकेवाल्यांच्या घरात चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नाही.

"वाचलंस?" धाकटे मालक बायकोवर खेकसले, जणू दर तिनंच वाढवले होते. "किमान वेतन म्हणे! पंख्याखाली बसून आकडे वाढवायला यांचं काय जातं? एका खोक्यामागं मला काय सुटतं, हे विचारायला आलं होतं का कुणी?"

बायको ओट्याकडं वळली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आणि वहिनी नेहमीप्रमाणे तिथं नव्हत्याच. त्या केव्हाच खाली गेल्या होत्या. कारखान्याचं कुलूप उघडून, रात्रीचे पुठ्ठ्याचे तुकडे झाडून खळ कालवायला लागल्या होत्या.

कारखाना म्हणजे घराच्याच तळमजल्यावरचं एक लांबट दालन. चपला-बुटांची खोकी तिथं तयार होत. एका टोकाला पुठ्ठा कापायचं यंत्र, मधे लांब टेबलं, त्यांच्या दोन्ही बाजूंना घड्या घालणाऱ्या, खळ लावणाऱ्या, झाकणं चिकटवणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या टोकाला छतापर्यंत रचलेल्या तयार खोक्यांच्या भिंती. हे सगळं उभं केलं होतं थोरल्या भावानं. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. एका दुपारी टेबलाला टेकून बसला तो उठलाच नाही. धाकटा तेव्हा नुकताच त्याच्या हाताखाली आला होता. त्यानं धंदा सावरला, वाढवला, त्याचं श्रेय त्यालाच. पण लोकांच्या तोंडी तो धाकटे मालक झाला तो कायमचाच.

थोरल्याची बायको म्हणजे या वहिनी. मूलबाळ नव्हतं. दुपार सरता सरेना म्हणून त्या खाली येऊन बसू लागल्या. बसल्या बसल्या चार झाकणं चिकटवू लागल्या. आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते कुणालाच सांगता आलं नसतं, ते त्यांचं कामच होऊन बसलं. सकाळी पहिल्या त्या, संध्याकाळी शेवटच्या त्या. मधे सगळ्यांचा चहाही त्यांच्याकडेच.

धाकट्या मालकांची तक्रार अगदीच खोटी होती असंही नाही. बुटांचे दुकानदार खोक्याचा भाव वाढवून द्यायचं नाव काढत नसत. "लोक काय पायात खोकं घालून फिरतात?" असं विचारून उलट भाव पाडत. पुठ्ठा महागला होता, वीज महागली होती. त्यात आता ही मजुरी! माणूस घाबरला होता. आणि घाबरलेला माणूस आधी कुणाला ढकलतो? जो सगळ्यात जवळ उभा असतो त्याला.

त्या आठवड्यात त्यांनी दोन बायकांना कमी केलं. एक म्हातारी होती. "आजी, तुमचे हात आता थरथरतात," असं सांगून तिला घरी बसवलं. दुसरी जुळ्यांची आई. तिचे हात थरथरत नव्हते, खाडे नव्हते, तोंड चालत नव्हतं. तिला काढायला काही कारणच सापडेना, म्हणून मालकांनी खरं तेच सांगून टाकलं.

"काय करू बाई, कायदाच तसा आलाय. सरकार तुझं भलं करायला निघालं आणि त्यात तुझीच नोकरी गेली. माझ्यावर राग धरू नकोस."

जुळ्यांच्या आईनं राग धरला नाही. तिला राग परवडणारा नव्हता. थोड्या दिवसांनी ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली. काहीही काम द्या म्हणाली. तेव्हा मालकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"घरी नेशील का झाकणं? शेकड्याच्या भावानं देईन."

भाव असा होता की दिवसभर मान मोडून चिकटवलं तरी जुन्या मजुरीच्या निम्मेही हाती पडू नयेत. पण घराघरांत जाऊन तपासायला कोण येतंय? आणि खाली जे काम उरलं ते वहिनींच्या अंगावर आलं.

"वहिनी, जरा जास्त हातभार लावावा लागेल आता. दिवस कठीण आहेत," मालक म्हणाले. "आपलंच आहे ना सगळं?"

वहिनींनी मान हलवली. आपलं आहे म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

पुढं एकदा कामगार खात्याचे साहेब तपासणीला आले. टेबलाटेबलाशी थांबून प्रत्येकीला नाव विचारलं, पगार विचारला. मालकांनी उरलेल्या बायकांना नवा दर लागू केला होता, त्यामुळे ते निर्धास्त होते. शेवटच्या टेबलाशी खोक्यांच्या ढिगाआड बसलेल्या बाईंकडे साहेबांनी बोट दाखवलं.

"या कोण?"

"त्या होय? त्या कामाला नाहीत. घरच्याच आहेत," मालक हसून म्हणाले. "वेळ जात नाही म्हणून येऊन बसतात."

साहेबही हसले आणि चहाकडे वळले. चहा वहिनींनीच करून आणला. साहेबांनी तो बरा झालाय म्हणून सांगितलं.

वहिनींना त्या दिवशी कुठं काय टोचलं, ते त्यांनाही कळलं नाही. वेळ जात नाही म्हणून! पाठ भरून आल्यामुळं त्यांना आदल्या रात्री कूस बदलता आली नव्हती.

मग एक दिवस घरून आलेली झाकणं वाकडी निघाली. गठ्ठेच्या गठ्ठे. दुकानदारानं माल परत पाठवला. धाकट्या मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना पुठ्ठा आणायला जायचं होतं, म्हणून त्यांनी वहिनींना पिटाळलं.

"तिच्या घरी जा आणि चांगली खडसावून या. म्हणावं, फुकटचे पैसे नाही देत आम्ही."

वहिनी गठ्ठा काखोटीला मारून गेल्या. जिना चढून वर एकच खोली. पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता, म्हणजे खाली बसायला जागा व्हावी. कोपऱ्यात स्टोव्ह, त्याला लागूनच खळीचं पातेलं, आणि बाकी सगळीकडे झाकणं. वाळत घातलेली, रचलेली, अर्धवट घडी घातलेली. मधोमध दोन सारख्याच मुली मांडी घालून बसल्या होत्या. एक घडी घालत होती, दुसरी खळ लावत होती. कोपरापर्यंत हात पांढरे झालेले. खिळ्याला शाळेचे दोन गणवेश टांगलेले होते, इस्त्री केलेले.

वहिनींनी खडसावण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"शाळा नाही का आज?"

"आहे की," जुळ्यांची आई म्हणाली. "माल जास्त आला की बुडवावी लागते. एकटीनं उरकत नाही हो. वाकडी झाली ना झाकणं? मला कळतं कुणाची वाकडी ते. ही डावरी आहे, हिची उजवीकडं झुकतात. पुन्हा करून देते मी, पैसे नका कापू म्हणावं."

वहिनी खालीच टेकल्या. सवयीनं एक झाकण उचललं, कड दाबून सरळ केली, बाजूला ठेवलं. मग दुसरं. मुली बघत राहिल्या. थोड्या वेळानं जुळ्यांची आई म्हणाली,

"रागावणार नसाल तर एक विचारू, वहिनी? तुम्हाला किती देतात?"

"मला कशाला देतील? मी घरचीच."

"मग मीही आता घरचीच झाले म्हणायची," ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्यात हसू नव्हतं. वहिनी जिना उतरल्या त्या कठड्याला धरून. रस्त्यात कुणीतरी ओळखीचं भेटलं, काहीतरी बोललं, त्यांना ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी बायका गेल्यावर मालक कापायच्या यंत्राला तेल देत होते. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, एक विचारायचं होतं. खालच्या बायकांना जो नवा दर मिळतो, तो मला लागत नाही का?"

मालकांना वाटलं, चेष्टा चाललीय. "तुम्हाला? अहो, तुम्ही काय कामगार आहात?"

"मग कोण आहे?"

"म्हणजे काय! घरच्या आहात. मालकीणच म्हणा की!"

"मालकीण असते तर चष्म्यासाठी तुमच्याकडे इतक्यांदा मागावं लागलं नसतं. कड दिसत नाही मला आता. बोटानं चाचपून चिकटवते."

मालकांचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. उपकार केले आहेत असं ज्याला मनापासून वाटत असतं, त्याला हिशेब विचारला की फार लागतं.

"वहिनी, तुम्हाला काय कमी केलंय आम्ही? दोन वेळचं जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे, दुखलं-खुपलं तर डॉक्टर आहे. आम्ही कधी हिशेब केलाय का?"

"नाही केला," वहिनी म्हणाल्या. "केला असता तर बरं झालं असतं."

आणि त्या वर गेल्या. मालकांनी मनावर घेतलं नाही. डोकं फिरलंय, होईल शांत, असं बायकोला सांगून ते जेवून झोपले.

सोमवारी सकाळी कारखान्याला कुलूप आणि बाहेर बायकांचा घोळका! मालक बनियनवरच खाली धावले. "वहिनी कुठं आहेत?" पुन्हा वर धावले. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"त्या गेल्या सकाळीच. किल्ली खुंटीला आहे."

"गेल्या? कुठं गेल्या?"

"कामाला," बायको म्हणाली. "डबा घेऊन."

खाली आल्यावर घोळक्यातल्या एका बाईनं नुसती हनुवटी उचलून रस्त्यापलीकडं दाखवलं. पलीकडं औषधांच्या बाटल्यांची लहान खोकी करणारा कारखाना होता. गजांच्या खिडकीतून बायकांची एक रांग दिसत होती. सगळ्यांना राखाडी एप्रन. त्या रांगेत शेवटून दुसऱ्या, मान खाली घालून, वहिनी बसल्या होत्या.

त्या कारखान्याच्या मालकाला गल्लीत सगळे खडूस म्हणत, तोंडावरसुद्धा. दिवे मोजून लावायचा, अर्धा कप चहा पाजायचा, आणि हसला तर त्याचंही बिल लावील अशी त्याची ख्याती होती. धाकटे मालक शर्टाची बटणं लावत लावत त्याच्या दारातून तसेच आत घुसले.

"वहिनी! हे काय चालवलंय तुम्ही? लोक काय म्हणतील! उठा, चला घरी!"

सगळ्या बायकांचे हात थांबले. वहिनींचे थांबले नाहीत.

"भावजी, जेवायच्या सुट्टीत बोलू," त्या म्हणाल्या. "आत्ता मी कामावर आहे."

धाकट्या मालकांना तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. खडूसनं त्यांचा दंड धरला आणि आपल्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं.

"चहा मागवत नाही. उगाच खर्च," तो म्हणाला. "बोल."

"माझ्या घरातली बाई फोडलीत तुम्ही!"

"फोडली? दारात इतर बायकांसारखी उभी होती. काम करून दाखव म्हटलं. तिनं दाखवलं. असं माणूस समोर असून इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही, असं झालं मला. मग तिनं विचारलं, किती देणार. म्हटलं, कायद्यानं आहे तेवढे. तर मला म्हणते, एवढे?" खडूस पुढं झुकला. "बाबा रे, तिला ते जास्त वाटले! त्या कमीत कमी पैशांनी तिचे डोळे विस्फारले. काय केलंस तू त्या बाईचं?"

"कायदा, कायदा! त्या कायद्यानं लोकांचे धंदे बसताहेत, ते नाही दिसत तुम्हाला?"

"दिसतात. मी काय आंधळा आहे? मागं दर वाढले तेव्हा मी घडी घालायचं यंत्र आणलं आणि एका माणसाला काढलं. तो बायकोला घेऊन याच खुर्चीत बसून रडला होता. अजून डोळ्यांपुढून जात नाही तो. कायदा आला आणि सगळ्यांचं सोनं झालं, असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. आणि मी काही देवमाणूस नाही. मी दंडाच्या भीतीनं देतो. किमान म्हणजेच कमाल असं समजून देतो, वर एक पैसा नाही."

"मग मला कसलं शहाणपण शिकवताय?"

"शहाणपण नाही. फरक सांगतोय. मला निदान भीती आहे. तुला तीही नव्हती. कारण तुला पक्कं ठाऊक होतं, ही तक्रार करणार नाही. गल्लीत सगळं कळतं. सरकारचा हात जिथं पोचत नाही अशा दोन जागा तू शोधल्यास आणि दोघींना तिथं नेऊन बसवलंस. एकीला तिच्या घरात, एकीला तुझ्या. दर वाढला तो कुणाच्या खिशातून भरलास? तुझ्या? त्या दोघींच्या खिशातून भरलास."

"आम्ही वहिनींना इतकी वर्षं सांभाळलं..."

"कुणी कुणाला सांभाळलं ते महिन्याभरात कळेलच. आणि एक लक्षात ठेव. कारखाना उभा केला तिच्या नवऱ्यानं. ती बाई किमान मागतेय. उद्या तिनं हिस्सा मागितला म्हणजे?"

धाकटे मालक खुर्ची सरकवून उठले. रस्ता ओलांडताना हॉर्न वाजले तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. खळीत गुठळ्या होऊ लागल्या. कोणत्या दुकानाला कोणता रंग, कुणाची झाकणं सैल लागतात, कुणाची घट्ट, हे सगळं ज्या एका डोक्यात होतं ते आता रस्त्यापलीकडं जाऊन बसलं होतं. एका वहिनींच्या जागी दोन बायका घ्याव्या लागल्या, नव्या दरानं. तरी काम उरे. पण मालकांना पश्चात्ताप झाला का? छे! त्यांना राग आला. आपलं माणूस उलटलं, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

वहिनी संध्याकाळी घरी येत, ओट्याशी जाऊबाईंना मदत करत, जेवत, आपलं ताट धुऊन ठेवत. पगार झाला त्या दिवशी त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. जेवायला बसायच्या आधी त्यांनी मालकांच्या ताटाशेजारी काही नोटा ठेवल्या.

"हे काय?"

"माझ्या जेवणाचे आणि खोलीचे. कमी वाटले तर सांगा."

"वहिनी!" मालकांनी नोटा ढकलून दिल्या. "हे घर आहे, खाणावळ नाही!"

"तुम्हीच म्हणालात, जेवण आहे, छप्पर आहे. ते मजुरीतच धरलं होतंत. आता मजुरी दुसरीकडं मिळते, तेव्हा जेवणाचे वेगळे द्यायला नकोत?"

त्या हे भांडून बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकांची बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नोटा तिथंच राहिल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांच्यावर आणखी ठेवल्या गेल्या. कुणी हात लावेना.

आणि मग लेकीला नोकरी लागली! उड्या मारतच घरी आली. जाहिराती तयार करणाऱ्या एका मोठ्या ऑफिसात. कितीतरी जणांतून तिला निवडलं होतं. मालकांचा ऊर भरून आला. सगळे जेवायला बसले होते. वहिनीही होत्या.

"पगार किती?" मालकांनी विचारलं.

लेक जरा घुटमळली. "पहिलं वर्ष शिकाऊ म्हणून, बाबा. पगार नाही. जाण्यायेण्याचे देणार आहेत. साहेब फार चांगले आहेत. म्हणाले, इथं आपण सगळे एका कुटुंबासारखे राहतो, पैशाकडं बघू नकोस."

"काय?" मालकांचा घास हातातच राहिला. "वर्षभर फुकट? दिवसभर राबवून घ्यायचं आणि वर म्हणे कुटुंब? दरोडेखोर आहेत का कोण आहेत? आमच्या पोरीला काय कामाला जुंपायला जन्म दिलाय? अरे, कायदा नाही का काही! किमान वेतन नावाची चीज आहे की नाही!"

लेकीनं वडिलांकडं पाहिलं, मग हळूच काकूंकडं पाहिलं. वहिनी मान खाली घालून जेवत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

बोलली ती मालकांची बायको. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचं वाक्य कधी तोडलं नव्हतं.

"आहे की कायदा," ती म्हणाली. "समोरच्या फुटपाथपर्यंत आला होता. आपल्या दारात तुम्हीच अडवलात त्याला."

मालकांनी हातातला घास ताटात ठेवला. काहीतरी सणसणीत उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना आपलाच आवाज आठवला: वेळ जात नाही म्हणून येऊन बसतात. तपासणीला आलेले साहेब हसले होते. आपणही हसलो होतो. आणि ती बाई चहा घेऊन उभी होती!

शरम ही हळूहळू येत नाही. ती आली की एकदम येते आणि माणसाला कपड्यांसकट उघडं करते. त्या ताटावर बसल्या बसल्या धाकट्या मालकांनी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. त्यांच्या लेकीला कुटुंब म्हणणारा तो साहेब त्यांना ओळखीचा वाटला. फार जवळच्या ओळखीचा.

दुसऱ्या दिवशी ते जुळ्यांच्या आईच्या घरचा जिना चढले. दार उघडंच होतं. त्यांना पाहताच डावऱ्या मुलीनं, मास्तर वर्गात यावेत तशी उभी राहून, दोन्ही हात पाठीमागं लपवले. मालकांना तिच्याकडं बघवेना.

"उद्यापासून कामावर ये," ते जुळ्यांच्या आईला म्हणाले. "नव्या दरानं. आणि मधल्या दिवसांचा फरकही देतो."

तिला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटतं? तिनं हातातलं झाकण पुरं केलं आणि मग विचारलं, "आणि पुढच्या खेपेला दर वाढले की?"

"नाही काढणार."

"बरं," ती म्हणाली. विश्वास ठेवला म्हणून नव्हे. दुसरा इलाज नव्हता म्हणून.

ती कामावर आली. म्हातारीलाही निरोप धाडला होता, पण ती मुलाकडं निघून गेली होती आणि तिथं तिला कुणी विचारत नाही असं कानावर आलं. जुळ्या मुली शाळेत गेल्या तर शाळेनं त्यांना त्याच वर्गात पुन्हा बसवलं. एक रमली. दुसरी नाही रमली, ती नाहीच. पैशांचा फरक भरून देता येतो. त्या पोरीचं वर्ष कुठल्या हिशेबात भरून द्यायचं, हे कुणाला सांगता आलं नाही.

मालकांनी दुकानदारांना भाव वाढवून मागितला. एक गिऱ्हाईक तुटलं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि दिला. नफा कमी झाला, नवी गाडी घ्यायचा बेत बारगळला. कारखाना मात्र बुडाला नाही. ज्या भीतीपायी त्यांनी एवढं सगळं केलं, ती भीती अर्ध्याहून अधिक पोकळ निघाली. लेकीनंही त्या साहेबांना नकार कळवला.

सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात जड होतं, धाकटे मालक जेवायच्या सुट्टीत रस्ता ओलांडून गेले. वहिनी दारातल्या बाकावर इतर बायकांबरोबर डबा खात होत्या. कशावरून तरी हसत होत्या. त्यांना हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, ते मालकांना आठवेना. बायका उठून आत गेल्या.

"वहिनी, चुकलो मी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "परत या. पूर्ण दर देईन. आणि दादाचा हिस्सा तुमच्या नावावर करतोय, वकिलांशी बोललोय."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं.

"हिस्सा करा, भावजी. तो माझाच आहे, नको म्हणणार नाही. घर सोडून मी कुठं जातही नाही. पण कामाला इथंच येईन."

"का पण? आता कशाला?"

"इथं मला कुणी आपलं म्हणत नाही," वहिनी म्हणाल्या. "बरं वाटतं."

घंटा झाली. त्या आत गेल्या.

मित्रहो, किमान वेतनाचा कायदा हा काही जादूचा दिवा नाही. त्यानं कुणाचं काम जातं, कुणी त्यातून पळवाटा काढतं, कुणी किमानालाच कमाल करून टाकतं. हे सारं खरं आहे. त्यावर बोलावं, भांडावं, तो सुधारून घ्यावा. पण कायदा कितीही चांगला केला तरी तो शेवटी कुठल्यातरी उंबऱ्याशी येऊन थांबतो, आणि तो उंबरा आपला असतो. तिथून पुढं त्याला आत घ्यायचं की नाही, हे आपण ठरवतो. दुसऱ्याच्या दारात आपल्याला न्याय हवा असतो, आणि आपल्या दारात माया पुरेशी वाटते! माया पगाराऐवजी द्यायची गोष्ट नाही. आधी कष्टांचं मोल द्या, मग जी काय माया असेल ती खुशाल करा.

आज आपापल्या घरात, दुकानात, ऑफिसात एकदा नजर फिरवा. ज्या माणसाला तुम्ही मोठ्या प्रेमानं आपलंच म्हणता, त्याच्या हातावर तुम्ही काय ठेवता? काहीच ठेवत नसाल, तर त्या प्रेमाला चोरी म्हणतात. आणि चोर बाहेरून येत नाही. तो तुमच्याच खुर्चीवर बसून जेवतो.